आईंना सिनेमा सांगताना

सोमवार, १२ जानेवारी

ही डायरी डेपोतून मिळाली. नव्या वर्षाची भेट, वर बसचं चित्र. ह्यांनी ती बघितली आणि म्हणाले, "बरं झालं. तुझं ऐकून घेणारं घरात कोणीतरी आलं." मी बसस्थानकावर माइकवर घोषणा करते. दिवसभर गाड्या, फलाट, हरवलेली पोरं, विसरलेल्या छत्र्या. घरी आल्यावरही तोंडाचा पट्टा थांबत नाही, मान्य आहे. लेक मला भोंगा म्हणते. पोटची पोर!

पण आज भोंग्याला आवाजच फुटला नाही, म्हणून लिहायला बसले.

सकाळी आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. आपण समजत होतो तसा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची नस गेली, उजव्याची जायच्या वाटेवर आहे. गेलेली नजर ऑपरेशन करून परत येत नाही. थेंब घालायचे आणि उरलंय ते जमेल तितके दिवस राखायचं. मी नुसती मान हलवत होते. आत गेले तर आई खुर्चीत ताठ बसलेल्या.

"काय म्हणाले ग?"

"काही नाही, आई. ऑपरेशन जरा लांबलंय. थंडी संपू दे म्हणाले."

आमच्या डेपोत गाडी रद्द झाली तरी लगेच रद्द म्हणत नाहीत. आधी म्हणायचं, उशिराने सुटेल. मग म्हणायचं, आणखी उशिराने सुटेल. तोवर लोक आपोआप पांगतात आणि कोणी खिडकीवर येऊन भांडत नाही. इतकी वर्षं हेच बोलून जिभेला वळणच पडलंय. ह्यांना सगळं सांगितलं. "तूच सांग तिला, तुझं ऐकते ती," म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. वा रे पुत्र!

रविवार, १८ जानेवारी

डेपोच्या मागच्या लाकडाच्या गोदामाचं आता कलाघर झालंय. दर रविवारी दुपारी तिथे सिनेमा असतो. घडीच्या खुर्च्या आपल्या आपण मांडायच्या आणि जाताना आपल्या आपण मिटवून भिंतीला लावायच्या. सगळा कारभार एक निवृत्त कवायतीच्या बाई बघतात. गळ्यात अजून शिट्टी असते, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणतात. त्याही हाकेला ओ देतात.

आईंना आज तिथे ओढून नेलं. तरुणपणी शाळेचे गणवेश शिवायच्या, पण नवा सिनेमा लागला की मशीन झाकून पहिल्या खेळाला हजर. आणि आता दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. हे मला बघवत नाही.

"तिथं मला काय दिसणार? लोकांची डोकी?"

"मी सांगेन ना सगळं."

"तू सांगणार? मग सिनेमातल्या लोकांना बोलायला वाव मिळेल का?"

सिनेमा बाहेरच्या भाषेतला होता, खाली अक्षरं. रेल्वेचं फाटक सांभाळणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट. मी आईंच्या कानाशी सांगायला लागले. कानाशी म्हणजे माझ्या मते कानाशी. पुढच्या रांगेतले एक टकलू काका सारखे मागे वळत होते. शेवटी म्हणाले, "बाई, तुम्ही थांबताय की सिनेमा थांबवायला सांगू?"

माझ्याआधी आईच बोलल्या, "सिनेमाच थांबवा. ही काही थांबायची नाही."

अख्खी रांग हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात शिट्टीबाई आल्या. म्हटलं, झालं, आता बाहेरचा रस्ता. पण त्यांनी आम्हाला मागे नेलं, शेवटची रांग ओढून पार भिंतीला टेकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आजपासून ही बोलती रांग. ज्याला सांगायचंय आणि ज्याला ऐकायचंय, त्यानं इथं बसावं." देव त्या बाईंचं भलं करो! निघताना आभार मानायला गेले तर म्हणतात, "आभार राहू देत, खुर्च्या उचला."

येताना बसमध्ये आईंनी विचारलं, "धाकट्या बहिणीचा झगा कसला होता?"

"निळा."

"कसला निळा? शाईसारखा की विटलेल्या गणवेशासारखा?"

मी विचार करून सांगितलं, विटलेल्या गणवेशासारखा. आई खूश झाल्या. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू बघितलं.

गुरुवार, २९ जानेवारी

आईंचं हल्ली काही कळत नाही. त्यांचा शिवणाचा डबा आम्हा कोणाला हात लावू देत नसत. आज सुया, रिळं, अंगुस्तान, सगळ्यासकट तो शेजारणीला देऊन टाकला. माझ्यावर कसला तरी राग असणार. विचारलं तर म्हणे, "पडून गंजण्यापेक्षा वापरात राहील."

रोज सकाळी लेकीला खिडकीत उजेडाला उभी करतात आणि अगदी नाकाला नाक लावून तिचा चेहरा बघत बसतात. पोरीला कॉलेजला उशीर होतो. ती बिचारी तशीच उभी राहते.

आणि काल मला म्हणाल्या, "तुझे केस किती पिकले ग? जरा इकडे ये बघू." म्हटलं, आई, तुमच्याच घरात पिकले! टोमणा मारायची एक संधी सोडायची नाही. तरीही बघितलेच त्यांनी, कानशिलावरचे, मागचे, सगळे.

ऑपरेशनचं अजून एकदाही विचारलं नाही. बरंच आहे म्हणा. मीही मूग गिळून गप्प.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज मी घोळ घातला.

सिनेमा एका म्हाताऱ्या धोबिणीचा. मुलगा जहाजावर गेलेला आणि ती रोज घाटावर त्याची वाट बघते. आई इतक्या रंगल्या होत्या की माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. आणि शेवटी काय, तर मुलगा येतो त्याच सकाळी म्हातारी गेलेली असते. वाळत घातलेली चादर तेवढी हलत असते.

माझी जीभच वळली नाही. आईंचा तो उत्सुक चेहरा, आणि मी त्यांना म्हातारी मेली म्हणून सांगू? मी म्हटलं, "आला, आई! मुलगा आला. म्हातारी दारातच उभी आहे. मिठी मारली त्यानं."

आई म्हणाल्या, "मग ते वाद्य असं का रडतंय?"

"आनंदानं."

"आणि हे लोक?" कारण सगळं कलाघर हुंदके देत होतं. टकलू काका तर रुमालात तोंड खुपसून.

"तेही आनंदानंच."

आईंनी माझं मनगट सोडलं. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसल्या. घरात पाऊल टाकलं आणि मग कडाडल्या, "डोळे गेलेत माझे, कान नाही गेले! म्हातारी मेली ना? मग मेली म्हणून सांगायचं! मला काय झेपेल आणि काय नाही, हे तू कोण ठरवणार? सगळ्या लोकांबरोबर मला रडू पण द्यायचं नाही?"

हे मध्ये पडायला आले तर त्यांनाही तेच, "तू तर बोलूच नकोस!" दार धाडकन लावून घेतलं. ह्यांना का बोलल्या कोण जाणे. ह्यांचा काय संबंध?

रविवार, २२ फेब्रुवारी

गेल्या रविवारी आल्या नाहीत. आजही नाही. जेवण खोलीत, चहा खोलीत, तोंड परत भिंतीकडे. विचारलं की एकच उत्तर, "मला नाही यायचं." ह्या बाईला एकदा घरात बसायची सवय लागली तर मग कोणी बाहेर काढू शकणार नाही, ह्याची मला खरी धास्ती आहे. आणि ती सवय लावली कोणी, तर मी.

दुपारी धीर करून आत गेले. पलंगाच्या कडेला बसले आणि न विचारताच सुरू केलं, "सकाळ आहे. घाट रिकामा. दोरीवर एकच चादर, पांढरी, एका टोकाला ठिगळ. मुलगा पायऱ्या उतरून येतोय, नवे बूट आहेत, करकर वाजतायत. हाक मारतो. कोणी येत नाही. शेजारीण दारात येते आणि डोक्यावरचा पदर सारखा करते. त्याला कळतं. तो चादर काढून घडी घालायला लागतो. एकट्याला घालता येत नाही, मोठी आहे. मग शेजारीण येऊन दुसरी टोकं धरते."

आई रडल्या, मनसोक्त रडल्या. मीही. मग नाक पुसून म्हणाल्या, "किती सुंदर होतं ग हे. आणि तू मला मिठ्या सांगत बसलीस."

"चुकलं, आई. पुन्हा नाही."

"दिसेल तसं सांगायचं. चांगलं, वाईट, कंटाळवाणं. कबूल?"

"कबूल."

"बघ हं. नुसतं सिनेमाचं नाही म्हणत मी."

म्हटलं, हो हो, सगळ्याचंच. पुढच्या रविवारी येते म्हणाल्या! मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच ओटा पुसला, इतका आनंद झाला होता.

रविवार, १ मार्च

बोलत्या रांगेत आज जागा पुरेना. एक आजोबा आपल्या नातवंडाकडून अक्षरं वाचून घेत होते. आणि आमच्या शेजारी कोण येऊन बसावं, तर टकलू काका! "चष्मा घरी विसरलो," म्हणाले. चष्मा शर्टाच्या खिशातून डोकावत होता. सिनेमा संपल्यावर आईंना म्हणतात, "सूनबाई सिनेमापेक्षा चांगलं सांगतात हो." आई म्हणाल्या, "चढवू नका, आधीच आवाज मोठा आहे." पण खुर्ची मिटवताना माझी पाठ थोपटली.

सिनेमानंतर शिट्टीबाईंनी शिट्टी मारून जाहीर केलं, महिनाअखेरीला कुटुंबांची नाटकं. एकेका घरानं यायचं आणि आपल्या घरातला रोजचा एखादा प्रसंग करायचा. संवाद लिहायचे नाहीत. अट एकच, कोणी स्वतःचं काम करायचं नाही. अदलाबदल करायची.

मी म्हणणार होते, आमच्याकडे रोज नाटक असतंच, वेगळं कशाला. तेवढ्यात आईंनी हात वर केला. "आमचं घर घ्या. आणि मी हिचं काम करणार." म्हणजे माझं!

गुरुवार, १२ मार्च

घरात तालमी चालल्यात. हसून हसून पोट दुखलं. हे लेक झालेत आणि आरशासमोरून हलत नाहीत. लेक ह्यांचं काम करते. काही विचारलं की "तूच बघ" म्हणते आणि पेपरात तोंड घालते. ह्यांना ते फारसं आवडलेलं दिसत नाही.

आणि आई! किल्ल्या कमरेला, हात हवेत आणि एका दमात, "दूध आलं का, गॅस बंद आहे का, माझी दुसरी चप्पल कुठेय, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!" हुबेहूब. मी खरंच इतकी बोलते? लेक म्हणाली, "ह्याहून जास्त."

मी आई झाले. मी डोळे मिटून चाचपडत निघाले तर आईंनी अडवलं. "डोळे कशाला मिटतेस? मी मिटते का? उघडे ठेव आणि काय होतंय ते बघ." मग त्यांनी शिकवलं. उंबरा टाचेनं ओळखायचा. कप कडेला बोट लावून भरायचा. उजव्या डोळ्याच्या थेंबांच्या बाटलीला दोरा बांधलाय, डाव्याच्या नाही. मला ह्यातलं काही माहीतच नव्हतं. हे सगळं त्या केव्हा शिकल्या? मी म्हटलं, "आई, आता ऑपरेशन होईपर्यंतच," तर त्या पाणी प्यायला उठल्या. दम लागला असेल.

शुक्रवार, २० मार्च

दिसेल तसं सांगेन असं तोंड भरून कबूल केलं आणि खरी गोष्ट पोटात तशीच. थंडी संपून पंखे लागले. आता काय सांगू, उन्हाळा संपू दे म्हणाले?

आज ठरवून गेले. थेंब घालायच्या वेळी बोलायचं. आईंनी मान मागे टाकली, डोळे उघडे, माझ्याकडेच. म्हणाल्या, "बोल. काही बोलायचंय का?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "उद्या नळाला पाणी नाही."

"बरं," आई म्हणाल्या. "भरून ठेव."

मी माइकवर सगळ्या गावाला सांगते आणि एका बाईला सांगता येत नाही. ह्यांना म्हटलं, तुम्ही सांगा, तुमची आई आहे. म्हणाले, नाटक होऊन जाऊ दे. चांगलं झालं नाटक मध्ये आलं. आम्हा दोघांनाही निमित्त मिळालं. आईंनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला वाटतं. पण त्या विचारतच नाहीत.

रविवार, २९ मार्च

सगळं नीट लिहून ठेवते, आठवतंय तोवर.

कलाघर भरलं होतं. आमचा नंबर शेवटचा. हे लेक होऊन आले आणि बटा सारख्या करायला लागले, तेव्हाच लोक लोळले. लेकीचा पेपर, आईंच्या किल्ल्या, माझी टाच उंबऱ्यावर, सगळं ठरल्यासारखं झालं. आता चहावरून भांडण आणि मग नमस्कार, एवढंच उरलं होतं.

आईंनी चहाचा कप खाली ठेवला. किल्ल्यांचा आवाज हातानं बंद केला. आणि माझ्याच आवाजात, पण मी कधी बोलत नाही इतक्या हळू म्हणाल्या, "आई, बसा. एक सांगायचं राहिलंय."

हे आमच्या तालमीत नव्हतं.

"त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. मला वाटलं, दार लागलंय. ते म्हणाले, नस गेली. ऑपरेशन नाही. आहे तेवढं हळूहळू जाणार. मी आत आले आणि तुमचा चेहरा बघून माझ्याच्यानं बोलवेना. म्हणून थंडीचं सांगितलं. तुम्हाला फसवायचं नव्हतं मला, आई. अडीच महिने मी रोज सांगायला येते आणि परत जाते."

लोकांना वाटलं, नाटकच आहे. लेकीनं पेपर खाली केला. हे बटांना हात लावून तसेच उभे. आणि मी! आता माझं वाक्य. म्हणजे आईंचं. जन्मात पहिल्यांदा मला काही सुचेना. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तो डबा, तो खिडकीतला उजेड, माझे पिकलेले केस... आणि मी म्हणत होते, टोमणे मारतात!

मी कशीबशी पुटपुटले, "मला येत नाही. तुम्ही काय म्हणाल, मला नाही माहीत."

आई माझ्याकडे झुकल्या. मी त्यांच्या कानाशी झुकते तशाच. आणि त्यांनी मला माझं वाक्य सांगितलं.

मी ते मोठ्यानं म्हटलं. माझ्या घोषणेच्या आवाजाचं पार चिपाड झालं होतं, पण म्हटलं. "पोरी, इतके दिवस एकटीनं कसं ग सोसलंस?"

आणि मग मला रडू आवरेना. आईंनी मला कुशीत घेतलं. ह्यांनी आईंच्या पायाशी बसून त्यांचा हात धरला. लेकही आली. नमस्कार करायचा राहूनच गेला. माझी स्वतःची आई मी लहान असताना गेली. आज त्या वाक्यानंतर मला वाटलं, काही कमी पडलं नाही मला. जिनं मला फाडफाड बोलून उभं केलं, तिनंच आज माझ्या बाजूचंही बोलून दिलं. हे ऋण फिटायचं नाही आणि मला फेडायचंही नाही.

टाळ्या खूप वेळ चालल्या होत्या. पायऱ्या उतरताना आईंनी माझा दंड धरला आणि कानाशी विचारलं, "लोक उभे राहिलेत का ग?"

मी डोळे पुसून बघितलं. "पुढच्या दोन रांगा उभ्या आहेत. मधले बसलेत, पण टाळ्या वाजवतायत. मागे एक बाई पिशवीत काहीतरी शोधतेय. आणि दाराजवळ एक माणूस चक्क झोपलाय, आई."

"झोपू दे," आई म्हणाल्या. "दोन रांगा पुष्कळ झाल्या."